एका कानाला दोन काळ्या तारा

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

डबा उघडला. चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला.

प्रदीप जाऊन अकरा महिने झाले, त्याच्या टेबलाला मी हात लावला नव्हता. खरं म्हणजे तो असतानाही नाही. टेबल त्याच्या आणि सविताच्या खोलीत होतं, आणि धाकट्या भावाच्या बायकोच्या खोलीत थोरल्यानं पाय टाकायचा नाही, आमच्याकडे असंच आहे. आज आईनं ते पडवीत आणायला लावलं. खोली झाडायची म्हणाली. टेबलाबरोबर सगळंच आलं — सोल्डरिंगची गन, तारांची भेंडोळी, एक चौकटीची वही, आणि साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा असा हा ॲल्युमिनियमचा डबा.

दुपारी पुण्याहून आकाश आला होता. लोणावळ्याच्या हॉटेलांत प्रदीपबरोबर गिटार वाजवायचा. हे पेडल त्यानंच करायला सांगितलेलं. गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायचं, पायानं बटण दाबलं की आवाज जाड आणि फाटका होतो — असं त्यानं मला समजावलं. चालणार फक्त बॅटरीवर. हॉटेलातल्या प्लगवर लावलं की दिव्यांची घरघर त्यात येते म्हणे. मग म्हणाला, अर्धवट असलं तरी द्या काका, आठवण म्हणून ठेवतो.

मी म्हटलं, पुरं करून देतो. का म्हटलं कोण जाणे. अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलमध्ये काढली. नऊ व्होल्टला काय घाबरायचं!

१० फेब्रुवारी

ड्यूटी. घरी आलो तर टेबल पडवीतच. उगाच दचकलो.

१२ फेब्रुवारी

आतली सर्किटची पाटी पुरी आहे. फक्त दोन जॅक, पायाचं बटण आणि बॅटरी यांच्या तारा जोडायच्या राहिल्यात.

भिंग लावून जोड पाहिले. एकसारखे, चकचकीत, कुठं फुगवटा नाही. असं सोल्डरिंग मी ट्रेनिंगमध्ये एका मास्तरांच्या हातचं पाहिलं होतं, नंतर नाही. वहीत पेन्सिलीनं आकृत्या आहेत, त्याही तशाच नेटक्या.

प्रदीपला मी किती वेळा बोललो असेन. हॉटेलात वाजवून काय होणार, रेल्वेची परीक्षा दे, तुझ्या हातात काही धड टिकत नाही. तो हसायचा आणि गाडीला किक मारायचा. शेवटची दोन वर्षं तर जेवणापुरतंच बोलणं. मग कावीळ झाली आणि अकरा दिवसांत संपलं.

हे जोड एकदा दाखवले असतेस तर मी गप्प बसलो असतो रे.

एक गोष्ट मात्र विसरलेला दिसतो. पायाचं बटण नुसता आवाज इकडून तिकडं वळवतं. बॅटरी बंद करायला बटणच नाही.

१३ फेब्रुवारी

ड्यूटी सुटल्यावर लोणावळ्याच्या बाजारातून छोटं बटण आणलं. डब्याला भोक पाडायला बसलो तर आई स्वयंपाकघरातून आली.

"ती म्हंती, बटण लावू नका. पिन हेच बटण."

ती म्हणजे सविता. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. भांडण नाही काही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून डोक्यावर पदर आणि मध्ये आई, असंच चालतं. नऊ वर्षं झाली. चहात साखर कमी पडली तरी ते आईकडूनच जातं.

मी विचारलं, पिन म्हणजे काय? आई आत गेली, परत आली. "वहीत बगा म्हंती. मला काय कळतंय त्यातलं. मी काय पोस्टमन हाय?" आणि तिथंच बसून लसूण सोलायला लागली.

वहीत खरंच आहे. गिटारची पिन जिथं घुसते त्या जॅकला तीन कान आहेत — टोकाचा, मधला, बाहेरचा. पिनेला एवढ्या कानांची गरज नसते, तिला दोनच लागतात. पण तिचा दांडा लांब असतो. ती आत गेली की मधला आणि बाहेरचा कान तिच्या अंगावरून एकमेकांना मिळतात. बॅटरीची काळी तार मधल्या कानाला. म्हणजे पिन घातली की बॅटरी चालू, काढली की बंद. वेगळं बटण नकोच.

साधी युक्ती. अर्धा तास नुसता बघत बसलो. प्रदीपच्या डोक्यात हे होतं तर!

१५ फेब्रुवारी

सविताचा भाऊ सीताराम तळेगावहून आला होता. चांगला माणूस, कारखान्यात सुपरवायझर आहे. आईशी गाईगुरांचं, भाताचं बोलत बसला, मग हळूच काढलं. वर्षश्राद्ध झालं की ताईला घेऊन जातो. इथं तिचं कोण आहे आता. आणि तुम्ही दोघं असे एका घरात — अनिता वहिनी पण नाहीत — लोकांना काय, तोंड आहे.

माझी बायको अनिता जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. सविता गेली की घरात आई आणि मी. आई ब्याऐंशीची आहे.

श्राद्ध १९ मार्चला येतं. रंगपंचमीला गेला तो.

आतून भांड्यांचा आवाज चालू होता, तो सीताराम बोलत असताना थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्या तारा जोडल्या.

वहीत एक चूक सापडली. पाटीची काळी तार बाहेरच्या कानाला दाखवली आहे. तो कान नटातून थेट डब्याच्या पत्र्याला लागतो. म्हणजे परतीचा करंट पत्र्यातून! आमच्या कामात तार बॉडीला लागली की तो फॉल्ट. तो शोधत मी खंडाळ्यापर्यंत पायी गेलेलो आहे. मी ती तार काढून मधल्या कानाला घेतली, बॅटरीच्या काळ्या तारेशेजारी. परतीच्या तारा सगळ्या एका जागी, पत्र्यापासून लांब. शिवाय जॅक पत्र्याला लागू नयेत म्हणून दोन्ही नटांखाली फायबरच्या चकत्या घातल्या. माझे जोड त्याच्याइतके सुंदर नाहीत, पण पक्के आहेत.

प्रदीपची गिटार काढली. मला वाजवता येत नाही, नुसत्या तारांवरून अंगठा फिरवला. पायानं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि स्पीकरमधून असा आवाज आला की ओट्यावरची मांजर उठून गेली. आई म्हणाली, वरीस व्हायचंय अजून, घरात वाजवू नये. मी लगेच बंद केलं.

पण चाललं! खाली बारीक घूं असा आवाज येतो, डब्याला हात लावला की वाढतो. बघू.

पिन काढली. बॅटरी मोजली, ९.४ व्होल्ट.

१७ फेब्रुवारी

८.६. नवीन बॅटरी. विचित्र.

१८ फेब्रुवारी

७.७. पिन काढलेली, पायाचं बटण बंद, दिवा विझलेला. तरी उतरते.

आई पुन्हा निरोप घेऊन आली. काळी तार चुकीच्या कानाला आहे म्हणते. मी सांगितलं, "तिला सांग, वहीत चूक होती, ती मी सुधारली. प्रदीपला पत्र्याचं कळलं नसेल." आई गेली. परत आली नाही.

२० फेब्रुवारी

५.९. मेली.

दुसरी घातली. सगळे जोड तपासले. पाटीवर कुठं शॉर्ट नाही. ऑफिसातल्या पोरांना सांगितलं असतं तर हसले असते — लोणावळ्याच्या कुठल्याही डब्यातला फॉल्ट काढणारा माणूस आणि घरात साबणाच्या डबीएवढ्या डब्यापुढं हात टेकून बसलाय.

दोन दिवसांत आतून एकही निरोप नाही. चहात साखर कमी होती. मी पण काही बोललो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मावशीच्या सुनेला मुलगा झाला म्हणून आई लोहगडवाडीला गेली. चार दिवस.

आई नसली की सविता झोपायला शेजारच्या नंदाबाईकडे जाते. सकाळ-संध्याकाळ येते, स्वयंपाक करते, ताट झाकून ठेवते आणि मागल्या दारानं जाते. मी येतो तेव्हा घरात कुणी नसतं. भाकरी कोमट असते. म्हणजे नुकतीच गेलेली असते.

दिवसभर एक शब्द बोललो नाही. रेडिओ लावला. बंद केला.

२४ फेब्रुवारी

ताटाखाली कागद होता. वहीतूनच फाडलेला, पेन्सिलीनं काढलेली आकृती. तीन कानांचा जॅक. मधल्या कानाला दोन काळ्या तारा — तिथं फुली. शेजारी दुसरा जॅक — मधल्या कानाला एकच तार, बॅटरीची. पाटीची बाहेरच्या कानाला.

खाली लिहिलं होतं: "दोन्ही एका कानाला लावल्या तर त्या पिनेशिवायच एकमेकींना भेटतात. बॅटरी चालूच राहते. आणि डब्याला जोड पाहिजेच, इथं डबा म्हणजे जमीन, अर्थिंग. चकत्या काढा. घूं जाईल."

जेवण तसंच ठेवून ओट्यावर बसलो. लहान मुलालाही कळेल असं होतं. बॅटरीची काळी आणि पाटीची काळी मी स्वतःच गाठ मारून जोडली होती. पिन आत असो की बाहेर, काय फरक पडणार! युक्तीचा सगळा जीव त्या दोन तारा वेगळ्या ठेवण्यात होता आणि मी तोच काढून टाकला. पत्रा म्हणजे शत्रू, हे अठ्ठावीस वर्षांत हाडांत बसलंय.

पण त्याहून वेगळंच काहीतरी खटकत होतं. कागद वहीशेजारी धरला. जॅकचे कान काढायची तीच तऱ्हा, बाणांची तीच टोकं. "बॅटरी" लिहिताना 'ट'ला दिलेला तोच लांब फाटा.

वहीची सगळी पानं चाळली. सगळी त्याच हातची.

२५ फेब्रुवारी

तार हलवली, चकत्या काढल्या. घूं गेली. पिन काढली की मीटरवर करंट शून्य, घातली की येतो.

टेबलावर चिठ्ठी ठेवली: "झालं. ९.३. चूक माझी होती."

संध्याकाळी तिच्या खाली लिहिलेलं: "पिन घालून ठेवू नका."

नऊ वर्षांतलं पहिलं बोलणं.

२७ फेब्रुवारी

आई आली. चप्पल काढायच्या आत तिला विचारलं, वही कुणाची?

"कुनाची म्हंजी? तिची." आई पदरानं वारा घेत बसली. "परद्याला कुटं एवढा धीर? त्यो वाजवायचा, ती जोडायची. लगीन व्हायच्या आदी तळेगावला तारा जोडायच्याच कामाला व्हती न्हवं ती. दोनशे बायांत पैला लंबर. तुला ठावं न्हवतं?"

मला माहीत नव्हतं. एका घरात राहून! मध्ये एक भिंत. आकाशला फोन करून विचारलं, तर तोही गडबडला. त्याला वाटायचं प्रदीपच करतो. सगळे प्रदीपचंच नाव घ्यायचे.

१ मार्च

कामावर लक्ष नव्हतं.

दोन आठवडे मी भिंग लावून ते जोड बघत होतो. बघून त्याला माफ करत होतो, त्याच्याकडून माफ करून घेत होतो. आणि त्यातला एकही त्याचा नाही. मग माझ्याकडे त्याचं काय उरलं? त्याला वाजवताना मी एकदाही ऐकलं नाही. हॉटेल स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर होतं.

२ मार्च, रविवार

आकाशला पेडल दिलं. पडवीत बसून त्यानं वाजवून बघितलं. आई या वेळी काही बोलली नाही. मला त्यातलं कळत नाही, पण प्रदीप हे असंच वाजवायचा का विचारलं. आकाश म्हणाला, "नाही काका, तो हळू वाजवायचा. लोक जेवत असायचे ना. एक बाई रडली होती एकदा, तर त्यानं तेच गाणं परत वाजवलं, ती हसेपर्यंत." हे मला नवीन होतं. लिहून ठेवतोय.

जाताना त्याला सांगितलं, जोडणारी सविता आहे. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि उभ्यानं हात जोडून म्हणाला, वहिनी, अजून दोन पाहिजेत. माझ्या मित्रांना. आतून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच. सवितानं इथंच राहावं. टेबल आहे, काम आहे, आईला सोबत आहे. तळेगावला जाऊन पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली दिवसभर उभं राहायचं कशाला?

५ मार्च

पडवीत ट्यूब लावली, टेबलाच्या बरोबर वर. नवा पॉइंट काढला. सोल्डरचा धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून भिंतीत छोटा पंखा बसवला. वीट फोडायला अख्खी दुपार गेली. नंदाबाई कुंपणावरून म्हणाली, "आबा, हाटेल काढताय का काय?"

आईला म्हटलं, ती राहिली तर बरं. आई म्हणाली, "ऱ्हाईल की. जातीय कुटं?" आणि डोळे पुसले.

९ मार्च, रविवार

सीतारामला फोन केला. पहिल्यांदाच त्याच्याशी इतकं बोललो असेन. सगळं सांगितलं — पेडलं, आकाशची मागणी, टेबल, उजेड. लोकांचं म्हणाल तर माझी दुसरी मावशी कायमची राहायला यायला तयार आहे, तेही विचारून ठेवलंय. तो ऐकत राहिला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही एवढं केलंय तर मी काय बोलू? श्राद्धाला येतो, तेव्हा ठरवू."

म्हणजे ठरल्यातच जमा आहे.

१३ मार्च

होळी. पोळीचा नैवेद्य दाखवला नाही, वर्ष आहे. सविता पडवीत येऊन टेबलावरचं पुसत होती. मी अंगणात होतो. तिनं ट्यूबकडे वर बघितलं, पंख्याच्या भोकाला हात लावला. मला बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

श्राद्ध झालं. पंचवीस-तीस पान उठलं. आकाश आला होता. पान ठेवल्यावर कावळा लगेच आला. आई म्हणाली, त्याचं काही राहिलं नाही. मला तसं वाटलं नाही.

सीताराम मुक्कामाला राहिला. जेवताना आई, तो आणि मी बोललो. ठरलं. ती इथंच राहील. सीतारामनं माझा हात हातात घेतला. आईनं त्याला अजून एक लाडू वाढला. सविता पलीकडं भांडी गोळा करत होती.

अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण पडल्यावर आठवलं की आम्ही तिघंच बोलत होतो.

२० मार्च

सकाळी सीताराम निघायला उभा होता. मी आईला मध्ये घेतलं नाही. पडवीत गेलो आणि तिला नावानं हाक मारली. सविता, तुला जायचंय का राहायचंय? आई बघतच राहिली.

तिनं पदर नीट केला.

"जायचंय, दादा." मग म्हणाली, "बरं झालं इचारलं."

दुपारी टेम्पो आला. टेबल चढवायला मी आणि सीताराम. पाय वर करून ठेवावं लागलं, नाहीतर बसत नव्हतं.